कडक डोहाळे

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. पुण्यात हिंजवडीला नोकरी करते, दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. आवाज इतका खोल गेलेला की आधी मला वाटलं ताप आलाय. "मावशी, आठवा आठवडा चालू आहे. सकाळपासून अकरा वेळा उलटी झाली. पाणीसुद्धा राहत नाही. ऑफिसात अजून सांगितलं नाही. तुला कसं गं जमलं होतं?"

मला काय जमलं होतं? मला काहीच जमलं नव्हतं. पण हे मी आजवर कोणाला नीट सांगितलंच नाही, हे त्या फोननंतर लक्षात आलं. ताईलाही नाही. घरात ते प्रकरण "हिचे डोहाळे कडक होते, म्हणून नोकरी सोडली" एवढ्या एका ओळीत मिटलेलं आहे. त्या ओळीच्या मागे बरंच काही आहे. थोडं माझं, आणि पुष्कळसं माझ्या आधीच्या बायकांचं. आज ते लिहून काढते.

२००३ सालचा पावसाळा. आमचं शहर तेव्हा औरंगाबाद होतं, छत्रपती संभाजीनगर हे नाव यायला अजून वीस वर्षं होती. मी चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी लॅबमध्ये होते. मिलिंद सायन्सची बीएस्सी, केमिस्ट्री. नोकरीला दोन वर्षं झालेली, पगार फार नव्हता पण माझा होता. सकाळी सव्वासातला सिडकोतून कंपनीची बस. दिवस गेले हे कळलं त्याचा आनंद जेमतेम आठवडाभर टिकला. मग सुरू झालं. कुकरची शिट्टी झाली की उलटी. फोडणीचा वास आला की उलटी. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईंच्या डोक्याला लावलेलं तेल, ड्रायव्हरने लावलेली उदबत्ती, जालना रोडवरचा डिझेलचा धूर... पर्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या असायच्या, रुमालात लिंबाची फोड. लॅबमध्ये तर काय, सॉल्व्हंट्सचाच कारभार. एक टायट्रेशन पूर्ण करायला मला तीनदा बाहेर जावं लागायचं.

पाच आठवड्यांत सहा किलो वजन उतरलं. डॉक्टरांनी लघवी तपासली आणि म्हणाल्या, ॲसिटोन आहे. केमिस्ट्रीवालीला ते समजावून सांगायची गरज नव्हती. पोटात अन्न नसलं की शरीर स्वतःची चरबी जाळतं आणि त्यातून हे किटोन तयार होतात. दिवसभर लॅबमध्ये ज्या बाटलीचा वास नकोसा व्हायचा, तीच वस्तू माझ्या अंगात तयार होत होती. दोनदा ॲडमिट होऊन सलाइन लावलं. रजा संपल्या, बिनपगारी सुरू झाल्या. साहेब वाईट नव्हते, पण एक दिवस म्हणाले, "अहो मॅडम, हे तर सगळ्याच बायकांना होतं. माझी मिसेस शेवटपर्यंत शाळेत जात होती." मला त्यावर उत्तर सुचलं नाही. मलाही तेच वाटत होतं ना, की सगळ्यांना जमतं, मीच नाजूक. दहाव्या आठवड्यात मी राजीनामा दिला. सासूबाई, आई, नवरा सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. नंतर वाटलं ते वेगळंच.

आईला मात्र आश्चर्य वाटलं नव्हतं. "आपल्याकडे कडकच असतात डोहाळे," एवढंच म्हणाली. आजी फुलंब्रीकडची, शेतात राबणारी. तिला आईच्या वेळेस निंदताना बांधावर जाऊन उलटी करून यावं लागायचं, आणि परत आली की तिची पात मागे राहिलेली असायची. ज्वारीच्या लाह्या पाण्यात भिजवून ते पाणी ती घोट घोट प्यायची. ते तेवढं पोटात टिकायचं म्हणे. मलाही तेच टिकलं.

आपल्या भाषेची गंमत बघा. डोहाळे हा शब्द संस्कृत दोहदवरून आला असं मानतात. सुश्रुतसंहितेत म्हटलंय की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणजे बाईच्या ठायी दोन हृदयं होतात, म्हणून ती दौहृदिनी. तिच्या इच्छा पुरवाव्यात. किती सुंदर कल्पना! त्यावर आपण डोहाळजेवण बसवलं, झोपाळा, हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, गाणी, पेढा की बर्फी. पण हे सगळं सातव्या महिन्यात, बाई खायला-प्यायला लागल्यावर. दुसऱ्या महिन्यात जी घागरभर ओकते तिच्यासाठी वेगळा शब्दच नाही. तेही डोहाळेच, फक्त कडक. जणू चहा आहे. आजाराला नाव नसलं की तो आजार म्हणून धरतच नाहीत.

डॉक्टरी भाषेत नाव आहे, हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम. गरोदर बायकांपैकी सत्तर-ऐंशी टक्क्यांना मळमळ किंवा उलट्या होतात, ते साधं. हे वजन उतरवणारं, पाणीही न ठरू देणारं प्रकरण शंभरात साधारण एकीला, फार तर तिघींना होतं. म्हणजे साहेबांचं "सगळ्याच बायकांना" मोजमापातच चुकलं होतं.

आणि पूर्वी यात बायका जायच्या. 'जेन एअर' लिहिणारी शार्लट ब्राँटी ३१ मार्च १८५५ रोजी गेली, अडतीस वर्षांची, लग्नाला नऊ महिने झालेले, पोटुशी. मृत्युपत्रावर क्षय लिहिलाय, पण शेवटच्या महिन्यांतली तिची सततची मळमळ आणि उलट्या यांवरून बऱ्याच चरित्रकारांना हेच कारण वाटतं. ब्रिटनमध्ये १९३१ ते १९४० या काळात दर दहा लाख बाळंतपणांमागे १५९ बायका या दुखण्याने दगावत. १९५१ ते १९६० मध्ये हा आकडा ३ वर आला. यात मोठा वाटा शिरेतून दिलेल्या साध्या मीठ-पाण्याचा, म्हणजे सलाइनचा. मला दोनदा लावलेल्या त्या बाटलीकडे मी आता आदराने बघते.

पण जीव वाचायला लागले तरी अक्कल यायला वेळ लागला. विसाव्या शतकात बरीच वर्षं काही डॉक्टर असं मानत की ही बाई मनातून बाळ नको म्हणतेय, म्हणून ओकून टाकतेय. काही ठिकाणी तर अशा बाईला एकटं ठेवायचे, नवऱ्याला-आईला भेटू द्यायचे नाहीत, उलटीला भांडंसुद्धा द्यायचे नाहीत. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडच्या "मनावर घेऊ नकोस म्हणजे होणार नाही" या सल्ल्याचीच ती सुशिक्षित बहीण.

मग औषध आलं, आणि ते भयंकर निघालं. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं. झोपेचं औषध, पण गरोदर बायकांना मळमळीवरही देऊ लागले. १९६१ च्या नोव्हेंबरात ते मागे घेतलं गेलं तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली होती. अमेरिकेत ते विकायला परवानगी मिळाली नाही, कारण फ्रान्सिस केल्सी नावाच्या तिथल्या औषध खात्यातल्या डॉक्टरबाई कंपनीकडे पुरावे मागत राहिल्या आणि हटल्या नाहीत. या धसक्याचा फटका पुढे निरपराध औषधालाही बसला. डॉक्सिलॅमिन आणि बी-६ जीवनसत्त्व यांची गोळी अमेरिकेत खटल्यांच्या भडिमाराने १९८३ साली कंपनीनेच बंद केली. ती सुरक्षित असल्याचं अभ्यासांतून दिसूनही परत यायला २०१३ साल उजाडलं. आपल्या डॉक्टर आजही सर्रास देतात ती हीच जोडी. मलाही दिली होती. सासूबाईंनी "पोटात बाळ असताना गोळ्या नकोत" म्हटलं आणि मी चार दिवस घेतल्याच नाहीत. त्यांची भीती कुठून आली होती ते आता कळतं, पण ते चार दिवस मी विसरलेले नाही.

आता नोकरीबद्दल. माझ्यासाठी तोच खरा सल आहे.

बाळंतपणाची रजा हा आपल्याला सरकारचा उपकार वाटतो. तिच्यामागे चांगली शंभर वर्षांची भांडणं आहेत, आणि त्यातली बरीचशी मराठी मुलुखातली आहेत. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिथे ठराव झाला की कामगार बाईला बाळंतपणाआधी सहा आठवडे रजेचा हक्क असावा आणि नंतरचे सहा आठवडे तिला कामाला लावू नये. हिंदुस्थान सरकारने तो मान्य केला नाही. पण त्या निमित्ताने मुंबईच्या गिरण्यांमधल्या बायकांची पाहणी करायला डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या डॉक्टरबाईंना १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला नेमलं गेलं. त्यांनी चाळींमधून फिरून जे लिहिलं त्यातली एक गोष्ट तर सगळ्यांच्या लक्षात राहिली: आई गिरणीत जाताना बाळ झोपून राहावं म्हणून जवळजवळ सगळ्याच बाळांना अफू चाटवली जायची.

१९२४ साली नारायण मल्हार जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिलाभाचं विधेयक मांडलं. ते फेटाळलं गेलं. मग लढाई मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात आली. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे या विधेयकाच्या बाजूने बोलले. तो दिवस डोळ्यांसमोर आणा. एप्रिलपासून गिरण्यांचा संप चालू, गिरणगावात चुली थंड. त्या काळी साधारण दर पाच गिरणी कामगारांत एक बाई असे, बहुतेक वाइंडिंग आणि रिळिंग खात्यात, आणि तिथे मजुरी मोजून, जेवढं काम तेवढी. म्हणजे जी बाई उलटीसाठी उठली तिचं तेवढं सूत कमी. माझ्या आजीची मागे राहिलेली पातच की ती!

बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात सगळ्या देशाचं हित आहे, म्हणून याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण मालक बायकांना कामावर ठेवतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणून, तेव्हा त्यानेही वाटा द्यावा. १९२९ साली मुंबईचा प्रसूतिलाभ कायदा झाला, देशातला असा पहिला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा खाणीतल्या बायकांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यातही त्यांनी सुधारणा आणली.

आमच्या गावाला अर्थात १९२९ चा कायदा लागू नव्हता. आम्ही निजामाच्या राज्यात, १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत. पण १९५० साली बाबासाहेबांनीच इथे नागसेनवनात कॉलेज काढलं, मराठवाड्यातल्या पोरांनी शिकावं म्हणून. मी तिथेच शिकले. तीन वर्षं त्या आवारात वावरले, १४ एप्रिलला फुलं वाहिली, आणि त्यांनी माझ्यासारखीच्या पोटातल्या बाळाबद्दल कौन्सिलात भाषण केलं होतं हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. बाबासाहेब आम्हाला घटनेपुरते शिकवले होते.

सगळ्या देशाचा मातृत्व लाभ कायदा १९६१ साली आला. बारा आठवडे रजा. १९८८ च्या दुरुस्तीने तो दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांना आणि आस्थापनांनाही लागू झाला, आणि पात्रतेसाठी आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम पुरेसं झालं. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी रजा सव्वीस आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं आहे.

आता मुद्दा. या १९६१ च्या कायद्यात दहावं कलम होतं. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी, डॉक्टरांचा दाखला दिल्यास, नेहमीच्या रजेव्यतिरिक्त जास्तीत जास्त एक महिना पगारी रजा. नव्या संहितेतही ही तरतूद आहे. २००३ साली माझा पगार ईएसआयच्या मर्यादेच्या वर होता, म्हणजे मला हाच कायदा लागू होता. कंपनी कारखाना होती, माझी दोन वर्षं भरलेली होती, दाखला डॉक्टरांनी एका मिनिटात दिला असता. तो एक महिना माझा होता. मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. चौदाव्या आठवड्यात माझ्या उलट्या कमी झाल्या, सोळाव्यात मी पोटभर वरण-भात खाल्ला. बिनपगारी रजेत तो महिना जोडला असता तर मी लॅबमध्ये परत गेले असते. त्याऐवजी परत नोकरी करायला मला सहा वर्षं लागली, आणि तीही शाळेत, अर्ध्या पगारावर. मुलं वाढवली त्याचं दुःख नाही. आपण हरलो असं समजून बसले, त्याचं आहे.

या इतिहासात मला एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. १९१९ चा ठराव असो, १९२९ चा कायदा असो की आजचे सव्वीस आठवडे, रजेची मोजणी बाळंतपणाच्या तारखेपासून मागे होते. आजही त्यातले आधीचे फार तर आठच आठवडे. जड कामाची बंदी तीही शेवटी शेवटी. कायदे करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पोट दिसणारी बाई होती. पण हे दुखणं पोट दिसायच्या आधीचं, आणि त्या दिवसांत आपल्याकडे सांगायचीही पद्धत नाही. तीन महिने होईपर्यंत गुपित. म्हणजे जेव्हा मदत हवी तेव्हाच बाईने गप्प बसायचं. ते दहावं कलम तेवढी एक फट आहे, आणि ती कोणाला माहीत नाही.

ज्यांना कुठलंच कलम पोचत नाही अशा बायका तर आमच्या शेजारच्याच जिल्ह्यांत आहेत. बीडकडून, जालन्याकडून, आमच्या जिल्ह्यातूनही दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, एक दिवस काम बुडालं की खाडा, म्हणजे वरून दंड. अशा बाईला सातव्या आठवड्यात पहाटे चारला फडात उलट्या होत असतील तर ती काय करत असेल? २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली, तेव्हा शरीराच्या कटकटीपेक्षा खाडा परवडत नाही हे हिशेब उघड्यावर आले. मी राजीनामा देऊ शकले हीसुद्धा एक श्रीमंतीच होती.

शेवटी एक चांगली बातमी. आई म्हणायची ना, "आपल्याकडे कडकच असतात"? ते खरं निघालं. मार्लेना फेझो या अमेरिकन संशोधक. १९९९ साली स्वतःला हेच झालं, डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही, पंधराव्या आठवड्यात बाळ गेलं. त्यांनी मग आयुष्यच यात घातलं. एका अभ्यासात दिसलं की बहिणीला हा त्रास झाला असेल तर आपल्याला होण्याची शक्यता सतरा पट. नॉर्वेतल्या एका अभ्यासात आईला झाला असेल तर मुलीला तिप्पट. २०१८ साली जीडीएफ-१५ या जनुकाशी संबंध सापडला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली यांच्या गटाबरोबर 'नेचर'मध्ये उलगडा आला. हे संप्रेरक गर्भ आणि वार तयार करतात आणि ते मेंदूतल्या मळमळीच्या केंद्रावर काम करतं. जिच्या अंगात ते आधीपासून कमी असतं तिला एकदम वाढलेलं सोसत नाही. ज्यांच्यात ते कायम जास्त असतं, उदाहरणार्थ बीटा थॅलेसेमिया असलेल्या बायका, त्यांना हा त्रास फारसा होत नाही. यावरून औषधाचे मार्ग शोधणं चालू आहे. म्हणजे नाजूकपणा नाही, मनाचे खेळ नाहीत. रक्तातली गोष्ट, आजीकडून आलेली.

भाचीला मी त्या रात्री एवढंच सांगितलं: उद्या डॉक्टरकडे जा, लघवी तपास, सलाइन लावायचं म्हणाले तर नाही म्हणू नकोस. गोळी दिली तर घे. दाखला माग आणि ऑफिसात लेखी अर्ज दे, "गरोदरपणातून उद्भवलेला आजार" हेच शब्द वापर. तीन महिने थांबू नकोस. आणि लाह्यांचं पाणी. ती म्हणाली, "राजीनाम्याचा मेल लिहून ठेवलाय मावशी, ड्राफ्टमध्ये." म्हटलं, राहू दे तिथेच.

परवा तिचा मेसेज आला. तीन आठवडे रजा मंजूर झाली, पगारी. उलट्या अजून आहेत, दिवसाला पाच-सहा. दोन चमचे लाह्यांचं पाणी टिकलं म्हणे.

माझी लेक, जिच्यापायी हे सगळं झालं, आता स्वतः नोकरी करते. तिला काल बसवून ही सगळी कथा सांगितली, राजीनाम्यासकट. तिप्पट आणि सतरा पटही सांगितलं. "अगं आई, अजून लग्न पण नाही झालं माझं," म्हणाली. असो. तुम्हीही आपापल्या आईला, मावशीला, आजीला एकदा विचारून ठेवा, तुमच्याकडे कसे असतात म्हणून.